माकडतापाचा धडा : मूलभूत संशोधनाला पैसा कोणी द्यावा?

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु ह्या विज्ञानाचा खर्च कोण करतो, तो पैसा कोठून येतो आणि कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न मात्र आपल्या निबंधांत सहसा येत नाही. विज्ञान शाखेचा विद्यार्थी तो अर्थशास्त्राचा प्रश्न समजून सोडून देतो आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी तो विज्ञानाचा समजून. प्रस्तुत लेखात मी विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून होणाऱ्या मूलभूत संशोधनाच्या पैशाचा विचार करणार आहे. विषय थोडा रुक्ष आहे. म्हणून आकड्यांपासून सुरुवात न करता, माझ्या स्वतःच्या सत्तरी तालुक्यात आलेल्या एका तापापासून करतो.

सत्तरीतील ताप

मी मूळचा वाळपईचा आणि विषय प्राणिशास्त्र. वाळपई हे गोव्याच्या सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. पूर्वेला सह्याद्री, मधून म्हादई आणि तिच्या उपनद्या, आणि डोंगरउतारांवर काजूच्या बागा. फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत काजूचा हंगाम असतो. बोंडू गोळा करणे, बी वेगळी करणे, रस काढणे ह्या कामांत घरातील लहानथोर सर्वच गुंतलेले असतात. घाटावरून, म्हणजे बेळगाव-खानापूरकडूनही माणसे कामाला येतात. चोर्ला घाटाचा रस्ता आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहेच.

२०१५ साली ह्याच हंगामात सत्तरीतील पाली ह्या गावी एक वेगळाच ताप दिसून आला. अकस्मात भरून येणारा जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंग ठेचून काढल्यासारख्या वेदना आणि काही रुग्णांत रक्तस्राव. तपासणीअंती निष्पन्न झाले की हा क्यासनूर जंगलाचा रोग, म्हणजेच माकडताप होय. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना तो 'मंगन कायिले' ह्या नावाने परिचित असेल. गोव्यात त्याची ही पहिलीच नोंद होती. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातही तो आढळला. काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांना त्याची झळ विशेष लागली. ह्या रोगाच्या रुग्णांपैकी साधारणतः शेकडा तीन ते पाच दगावतात, आणि त्यावर विषाणूला मारणारे खात्रीचे असे औषध अद्याप नाही.

आता पाहा. रोग आमच्याकडे नवा होता, परंतु डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला अंधारात चाचपडावे लागले नाही. जंगलात माकडे मरून पडू लागली तर ती धोक्याची सूचना समजावी, हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, त्यातही गोचिडीची पूर्ण वाढ होण्याआधीची बारीक अवस्था माणसाला अधिक चावते, ह्या अवस्थेचा सुकाळ पावसाळा सरल्यापासून पुढल्या पावसापर्यंत असतो, अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावून व अंगभर कपडे घालूनच रानात जावे, ही सर्व माहिती तयार होती. कोणी तयार केली? कोणाच्या पैशाने? आणि ती तयार होत असताना सत्तरीतील काजूवाल्यांचा विचार कोणाच्या मनात तरी होता काय?

हे ज्ञान आधीच कसे तयार होते?

१९५७ साली मार्च महिन्याच्या सुमारास कर्नाटकातील, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरत असल्याची वार्ता आली. पाठोपाठ माणसेही आजारी पडू लागली. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरतात म्हटल्यावर पहिली शंका आली ती पीतज्वराची. हा आफ्रिका-अमेरिकेतील भयंकर रोग भारतात कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर हाहाकार उडाला असता. परंतु पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील संशोधक जंगलात गेले, त्यांनी मेलेल्या माकडांतून, रुग्णांतून आणि गोचिडींतून विषाणू वेगळा केला, आणि तो पीतज्वराचा नसून रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या कुळातील एक नवा विषाणू आहे, हे अल्पावधीत दाखवून दिले.

हे काम इतक्या लवकर झाले ते नशिबाने नव्हे. पुण्याचे ते केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून स्थापन केले होते. कीटक आणि गोचिडी ह्यांच्याद्वारे पसरणारे विषाणू कोणकोणते आहेत ह्याचा शोध घेणे, हा त्याचा हेतू. क्यासनूरचे नावही जगाला ठाऊक नव्हते तेव्हापासून पाच वर्षे हे लोक डास पकडीत होते, रक्ताचे नमुने तपासत होते, नोंदी करीत होते. १९५५ साली एखाद्या हिशेबतपासनिसाने तेथे जाऊन "आजवर किती रोग बरे केलेत?" असे विचारले असते, तर त्यास समाधानकारक उत्तर मिळाले नसते.

ह्या संशोधकांपैकी हॅरोल्ड ट्रॅपिडो ह्यांचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. ह्यांनी आरंभी अभ्यास केला होता तो सापांचा. सापांच्या एका लहानशा गटाचे वर्गीकरण हा त्यांचा १९४४ सालच्या संशोधनाचा विषय. एका जातीच्या दोन प्राण्यांत नेमका फरक काय, हे ओळखण्याची जी नजर त्यांनी सापांवर कमावली ती पुढे म्हैसूरच्या जंगलातील गोचिडी ओळखण्याच्या कामी आली. हा रोग मुख्यतः ज्या गोचिडीमुळे पसरतो ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिचे शास्त्रीय वर्णन करून तिला नाव दिले ते फ्रान्समधील तुलूझ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्राध्यापक न्यूमन ह्यांनी, १८९७ साली. म्हणजे क्यासनूरच्या साठ वर्षे आधी. न्यूमन ह्यांना ह्या रोगाची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. जगात गोचिडी किती प्रकारच्या आहेत, एवढीच त्यांची जिज्ञासा. परंतु त्यांनी ती गोचीड निराळी करून ठेवली नसती, तर १९५७ साली कोणती गोचीड रोग पसरवते हे सांगण्यासाठी आधी तिची ओळख पटविण्यातच वेळ गेला असता.

पक्षिशास्त्राचाही येथे संबंध आला. विषाणूचे कूळ रशियाकडचे, तेव्हा तिकडून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तर तो आला नसेल ना, अशी शंका निघाली. त्याच सुमारास, १९५९ पासून, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली ह्यांच्या नेतृत्वाखाली व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत वळी अडकविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी आज आपल्याला जी माहिती आहे, तिचा पाया बऱ्याच अंशी ह्या कामाने घातला. शोध रोगाचा आणि भर पडली पक्षिशास्त्रात. संशोधनाची फळे अशी ठरल्या फांदीला लागत नाहीत.

चाचणी कोठून आली?

आता दुसरी बाजू पाहू. सत्तरीतील रुग्णाला झालेला ताप माकडताप आहे की दुसरा कोणता, हे ठरविण्यासाठी जी चाचणी करतात ती आर.टी.-पी.सी.आर. हे नाव कोविडच्या साथीनंतर शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. ह्या नावातील 'आर.टी.' म्हणजे आर.एन.ए. पासून डी.एन.ए. तयार करणारे एक विकर. माकडतापाचा विषाणू आर.एन.ए. जातीचा असल्याने ह्या विकराशिवाय चाचणी होऊच शकत नाही. त्याचा शोध १९७० साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांत, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांच्याकडे, स्वतंत्रपणे लागला. विशिष्ट विषाणूंपासून कोंबड्या-उंदरांना कर्करोग कसा होतो, हा त्यांचा मूळ प्रश्न. दोघेही विद्यापीठीय संशोधक होते.

'पी.सी.आर.'ची हकीगत तर आणखी मनोवेधक आहे. ह्या क्रियेत द्रावण वारंवार उकळीच्या जवळ नेऊन पुन्हा थंड करावे लागते. साधे विकर इतक्या उष्णतेत नासून जाते. उष्णता सोसणारे विकर मिळाले ते थर्मस अॅक्वाटिकस नावाच्या जिवाणूपासून. हा जिवाणू अमेरिकेतील यलोस्टोन येथील गरम पाण्याच्या झऱ्यात सापडला. इंडियाना विद्यापीठाचे थॉमस ब्रॉक इतक्या कढत पाण्यात जीव राहतो तरी कसा, एवढ्याच कुतूहलाने त्या झऱ्यांवर गेले होते. खर्च भागला तो तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानातून. १९६६ साली नमुने घेतले आणि १९६९ साली निबंध प्रसिद्ध झाला. ह्या निबंधाचा सहलेखक हडसन फ्रीझ हा त्या वेळी पदवीपूर्व वर्गाचा विद्यार्थी होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पी.सी.आर.ची कल्पना निघाली १९८३ साली, एका खाजगी कंपनीत. म्हणजे कंपनीने नफा मिळविला हे खरे, पण ज्या जिवाणूवर तो मिळविला तो विद्यापीठाच्या कुतूहलातून आणि सार्वजनिक पैशातून आला होता.

तात्पर्य असे की, २०१५ साली पालीच्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी झाली त्या एका नळीत फ्रान्समधील गोचिडी, अमेरिकेतील झरे, कर्करोगाचे संशोधन आणि पुण्यातील पाच वर्षांच्या नोंदी, हे सारे एकत्र आले होते. ह्यांपैकी एकाचाही खर्च मंजूर करताना "सत्तरीच्या उपयोगाकरिता" असे कोणी लिहिले नव्हते, आणि लिहिणे शक्यही नव्हते.

मूलभूत संशोधन म्हणजे काय?

ज्या संशोधनाचा हेतू एखादी वस्तू बनविणे किंवा एखादी अडचण दूर करणे हा असतो, ते उपयोजित संशोधन. ज्याचा हेतू केवळ 'हे असे का?' एवढे जाणून घेणे हा असतो, ते मूलभूत. दोहोंमध्ये भिंत नाही, दोहोंची एकमेकांत ये-जा सतत चालू असते. पण पैशाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

तो फरक अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन ह्यांनी १९५९ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात स्पष्ट केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मूलभूत संशोधनाचा लाभ कोणाला, कधी आणि कोणत्या रूपात होईल हे आधी सांगता येत नाही, आणि तो झाला तरी ज्याने पैसा घातला त्याच्याच पदरात पडेल असे नाही. कारण ज्ञान एकदा प्रसिद्ध झाले की सर्वांचे. म्हणून केवळ नफ्याचा हिशेब पाहणारी कंपनी समाजाला हितकारक असेल त्याहून कमीच पैसा अशा कामात घालील. हा कंपनीचा दुष्टपणा नव्हे, तिच्या हिशेबाचा तो स्वभावच आहे. तेव्हा उरलेला भार समाजाने, म्हणजे सरकारने व दानशूर संस्थांनी, उचलावयास हवा.

कोणी म्हणेल, हे जीवशास्त्रापुरते ठीक, गणितासारख्या विषयाचे काय? त्याचेही उत्तर गोव्याशीच निगडित आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, पण व्यवसायाने ते गणिती. १९३३ ते १९४५ ह्या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. त्या काळातच, १९४४ साली, त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र मांडले. आज जगभर पिकांच्या नव्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ 'कोसंबी सूत्र' वापरतात. त्यास प्रयोगशाळा लागली नाही. लागले ते ग्रंथालय, कागद, आणि तासिका संपल्यावर विचार करावयास मिळणारा वेळ. शिक्षकाचा मोकळा वेळ हाही संशोधनाचा खर्चच आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आपल्याकडे पैसा येतो कोठून?

भारतात संशोधनाचा मोठा भार केंद्र सरकार वाहते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली स्थापन झाली. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली सुरू झाला व १९५६ साली त्यास कायद्याचा आधार मिळाला. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग १९७१ चा, तर जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ चा. त्यानंतर २००८ च्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आले, आणि २०२३ च्या कायद्यान्वये त्याची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारावयाच्या, असे ठरले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची, आणि आपल्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. ह्या संस्थांनी नाव मिळविले ह्यात शंका नाही. दोनापावलच्या संशोधकांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' ह्या जहाजातून हिंदी महासागराच्या तळाचे धातुयुक्त गोळे वर काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गोव्याहूनच अंटार्क्टिकाकडे निघाली. परंतु मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञांनी त्या वेळीच इशारा दिला होता की, संशोधन विद्यापीठांबाहेर गेले तर विद्यापीठे दुबळी होतील. आज मागे वळून पाहता त्या इशाऱ्यात तथ्य होते असे म्हणावे लागते. प्रयोगशाळेत संशोधन होते, पण संशोधक घडतो तो विद्यापीठात. जेथे विद्यार्थी आहेत तेथे उपकरण नाही, आणि जेथे उपकरण आहे तेथे विद्यार्थी नाहीत, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी झाली.

आता आकडे. सरकारी आकडेवारीनुसार २०२०-२१ साली भारताने संशोधन व विकास ह्यांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च केला. म्हणजे देशाच्या शंभर रुपयांतील ६४ पैसे. चीनचा हा खर्च दोन टक्क्यांहून अधिक, तर दक्षिण कोरियाचा चार टक्क्यांहून अधिक आहे. ह्या ६४ पैशांपैकी उच्च शिक्षण क्षेत्राच्या वाट्याला शेकडा सुमारे नऊ एवढाच भाग आला. गुणाकार करून पाहा : देशाच्या शंभर रुपयांतील सहा पैशांहूनही कमी! सर्व विद्यापीठे, सर्व महाविद्यालये, सर्व शास्त्रे ह्यांचे संशोधन त्या सहा पैशांत. आणि त्यातलेही किती तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयापर्यंत झिरपतात, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

नव्या प्रतिष्ठानाकडून आशा आहे. विद्यापीठांत व महाविद्यालयांत संशोधन रुजविणे हे त्याचे घोषित उद्दिष्टच आहे. त्याची घोषणा झाली तेव्हा २०२३ ते २०२८ ह्या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करावयाचे, त्यांपैकी १४,००० कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योग, दानशूर संस्था इत्यादींकडून, असे सांगण्यात आले. उद्योगांनी पुढे यावे हे उत्तमच. पण नेल्सन ह्यांचा सिद्धान्त येथे आठवावा. औषधासाठी, बॅटरीसाठी, संगणकासाठी उद्योग पैसा देतील. सत्तरीच्या जंगलात गोचिडींच्या किती जाती आहेत ह्यासाठी कोणता उद्योग पैसा देईल? तो भाग सरकारी पैशाचाच राहील, आणि तो राखून ठेवला पाहिजे.

गोचीड आणि एकतीस मार्च

पैसा किती ह्याइतकाच पैसा कधी व कसा, हाही प्रश्न आहे. अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते. पहिल्या हप्त्याचा हिशेब व विनियोगाचा दाखला पाठविल्यावर दुसरा येतो. आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. आता आमची गोचीड पाहा. तिची चावणारी अवस्था हिवाळ्यापासून मेपर्यंत, आणि माणसाचे रानात जाणे वाढते ते काजूच्या हंगामात. म्हणजे ऐन मोक्याच्या वेळी, मार्चअखेर, संशोधक रानात असावयास हवा, तेव्हा तो कचेरीत पावत्या चिकटवीत बसलेला असतो. माझ्या पाहण्यातील एका लहानशा प्रकल्पाचा दुसरा हप्ता पावसाला सुरुवात झाल्यावर हाती आला. पैसा होता, पण हंगाम गेला होता. मदतनीस म्हणून घेतलेला मुलगा दोन महिने बिनपगारी थांबून शेवटी दुसऱ्या नोकरीला लागला. त्याने कमावलेली नजरही त्याच्याबरोबर गेली.

ह्यावरून तीन गोष्टी निघतात. एक, लहान का होईना पण अखंड पैसा मिळावा. दुसरी, वर्षाअखेर न उरकलेली रक्कम पुढे नेण्याची मुभा असावी, म्हणजे खर्च निसर्गाच्या वेळापत्रकाने होईल. तिसरी, उपकरणांइतकाच माणसांवर खर्च व्हावा. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, ही चांगली गोष्ट. परंतु ती वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग.

महाग उपकरणांबाबत एक चांगला मार्ग आपल्याच शेजारी आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, आयुका, स्थापन केले. कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक. प्रत्येक विद्यापीठाला मोठी दुर्बीण घेणे शक्य नाही, तेव्हा एक उत्तम केंद्र उभारावे आणि देशभरच्या विद्यापीठ-महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना ते खुले ठेवावे, ही त्यामागील दृष्टी. पश्चिम घाटातील रोग, कीटक व वनस्पती ह्यांच्यासाठी असेच केंद्र गोवा, कोकण व कर्नाटक ह्यांच्या सीमेवर का असू नये?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, गरीब देशाने आधी रस्ते, पाणी, दवाखाने पाहावेत, कुतूहल नंतर. आक्षेप प्रामाणिक आहे. पण वाळपईच्या दवाखान्यात खाटा वाढविल्या तरी ताप कशाचा हे कळत नसेल तर त्या खाटेवर रुग्णाला द्यावयाचे काय?

दुसरा आक्षेप : परदेशात शोध लागतच असतात, ते आपण विकत का घेऊ नयेत? झऱ्यातील जिवाणूबाबत हे चालेल. पण माकडताप हा पश्चिम घाटाच्या रानांचा रोग. तो पॅरिसला नाही की न्यूयॉर्कला नाही. रॉकफेलर प्रतिष्ठानाने एके काळी पैसा दिला, परंतु १९६७ साली ते बाजूला झाले, आणि ते स्वाभाविकच होते. आपल्या रानातील गोचीड आपण मोजली नाही तर ती कोणीच मोजणार नाही.

शिवाय ज्ञान एकदा मिळविले की कायमचे झाले, असेही नाही. कर्नाटकात १९९० पासून ह्या रोगावर एक लस देत असत. पुढे तिची परिणामकारकता पुरेशी नसल्याचे दिसले, २०२२ साली तिचा वापर थांबला आणि नव्या लसीचे काम हाती घ्यावे लागले. आमच्या सत्तरीत म्हादईच्या पात्रात पुरणशेती करीत. तिचा बांध पावसाळा सरला की दर वर्षी नव्याने घालावा लागे. मागल्या वर्षीच्या बांधावर ह्या वर्षीचे भात येत नसे. संशोधनाचेही तसेच आहे.

आपण काय करू शकतो?

विषाणू हाताळण्याचे काम पुण्यासारख्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेचे आहे, तेथे आपण हात घालता कामा नये. आणि विद्यार्थ्यांनी कोणाच्या मार्गदर्शनाविना रानात गोचिडी गोळा करण्यास जाऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. पण त्याअलीकडे पुष्कळ काम आहे, आणि ते एका विषयाचे नाही. पांढरे फ्लॅनेलचे कापड जमिनीवरून ओढून गोचिडींची मोजणी करतात. आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली दरमहा ती करणे हे प्राणिशास्त्राचे काम. कोणत्या झुडपांखाली गोचिडी अधिक, हे वनस्पतिशास्त्राचे. गावाचा, बागेचा व जंगलाच्या कडेचा नकाशा भूगोलाचा. नोंदींतून अर्थ काढणे संख्याशास्त्राचे. एका तापामुळे काजूवाल्या कुटुंबाचे किती दिवस बुडतात, हा हिशेब अर्थशास्त्राचा. आणि सूचना लोकांच्या भाषेत, मराठीत व कन्नडमध्ये, त्यांना समजेल अशी लिहिणे हे भाषाविभागांचे. घाटाखालचे आणि घाटावरचे विद्यार्थी ज्या महाविद्यालयात एकत्र शिकतात, तेथे हे जितके सहज होईल तितके दुसरीकडे होणार नाही.

ह्या कामाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कापड, भिंगे, काचेच्या नळ्या, रिक्षा-बसचे भाडे आणि दोन विद्यार्थ्यांचे मानधन लागते. मात्र ते एक वर्ष नव्हे, दहा वर्षे लागते. पहिल्या तीन-चार वर्षांत त्यातून कदाचित काहीही निघणार नाही, आणि ते मान्य करूनच पैसा देणारा कोणी हवा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे शास्त्रज्ञ होईल, कोणी अनुदानाच्या अर्जावर सही करणारा अधिकारी होईल, कोणी लोकप्रतिनिधी होईल. बहुतेक जण करदाते तर होतीलच. "ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न जरूर विचारा, तो विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवा : "हे आज कोणी केले नाही, तर पुढे गरज पडेल तेव्हा आपल्या हाती काय असेल?" पालीच्या लोकांना १९५७ सालच्या आणि १८९७ सालच्या माणसांनी उत्तर तयार ठेवले होते. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी आपण काय तयार ठेवणार आहोत, हे त्या सहा पैशांच्या वाटणीवर ठरणार आहे.